इंजिन बसलं, आता बाकीच्या गाडीचं काय?

इंजिन बदलून देणाऱ्या सर्व गॅरेजवाल्यांस आणि मिस्त्रींस,

सप्रेम नमस्कार.

पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवून देणारे तुम्ही, आणि त्या गाड्या पुढे ज्याच्या दारात येतात तो मी. तुमच्या कामाला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. बहुतेक वेळा इंजिन छानच बसलेलं असतं. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचं वेल्डिंग सुबक असतं, बोनेट बंद होतं, सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात इंजिन धरतं. तक्रार असते ती भलतीकडेच. ब्रेकचं पेडल कडक झालंय. किल्ली काढली तरी इंजिन बंद होत नाही. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा शून्यावरून हलत नाही. टाकीत डिझेल भरायला पंपावरची नळी आतच जात नाही. मालक प्रत्येक वेळी म्हणतो, "इंजिन मात्र झकास आहे हं." आणि ते खरंही असतं.

माझं म्हणणं एकच आहे. पेट्रोल इंजिन गाडीतून उचलताना आपण फक्त ताकद काढून घेतोय असं धरून चालतो. त्या इंजिनाबरोबर गाडीला मिळणाऱ्या आणखी कितीतरी गोष्टी निघून जातात. त्यांतल्या काही डिझेल इंजिन देतच नाही, काही वेगळ्या मापात देतं. त्या गोष्टींचा हिशेब इंजिन उचलायच्या आधी मांडायचा असतो. तो न मांडता "बसतंय ना, मग होऊन जाईल" म्हणणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं.

पहिली गोष्ट ब्रेक. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. पाय उचलला की झडप मिटते, पिस्टन हवा ओढत राहतात आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार होतो. रिकामं फिरताना तो साधारण साडेचारशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, त्याच्यावरच चालतो. डिझेल इंजिनाचा वेग हवेवर नव्हे, आत जाणाऱ्या डिझेलच्या मात्रेवर ठरतो. जुन्या डिझेल इंजिनांत झडप जवळजवळ नसतेच, नव्यांत असली तरी ती वेगळ्या कामासाठी असते, बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम तिच्यातून मिळत नाही. म्हणूनच डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, कुठे डायनॅमोच्या पाठीला, कुठे कॅमशाफ्टच्या टोकाला.

इंजिन भंगारातून आणताना डायनॅमो "आपल्याकडे पडलाय तो लावू" म्हणून मूळचा सोडून दिला, की पंपही तिथेच राहतो. मग बूस्टरची नळी कुठेतरी लावायची म्हणून इनटेकला, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेला, जोडलेली मी पाहिली आहे. साध्या इंजिनात तिथे नावापुरता व्हॅक्यूम असतो, आणि टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) असेल तर रेस केल्यावर तिथे ओढ नसते, उलटा दाब असतो. नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह तो दाब अडवतो म्हणून बूस्टर वाचतो एवढंच. गॅरेजच्या आवारात, ताशी दहा किलोमीटरने गाडी मागे-पुढे करताना यातलं काहीच कळत नाही, कारण तेवढ्या वेगाला पायाच्या जोरावरही गाडी थांबते. कळतं ते उतारावर.

तपासायला दोन मिनिटं लागतात आणि एकही हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमध्ये उरलंसुरलं असेल ते संपतं आणि पेडल कडक होतं. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. मग इंजिन बंद करायचं आणि पुन्हा दाबायचं, पहिली दोन-तीन दाबणी हलकी लागली पाहिजेत. एवढं केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. पंप लावणार असाल तर त्याला तेल कुठून मिळतं आणि ते परत ऑइल चेंबरमध्ये कसं जातं, ही वाटही आधी पाहा. डायनॅमोच्या पाठीचा पंप तेलाशिवाय फार काळ टिकत नाही. गाडीत पॉवर स्टिअरिंगचा पंप असेल तर त्याच्याच तेलावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर हाही मार्ग आहे. मोठ्या इंजिनांच्या कामात तो बऱ्याचदा जास्त सोयीचा पडतो.

दुसरी गोष्ट इंजिन बंद होणं. पेट्रोल इंजिनाचा करंट तोडला की ठिणगी थांबते आणि विषय संपतो. डिझेलला ठिणगीच नाही. हवा पंधरा ते बावीस पट दाबली जाते, तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं आणि फवारा आपोआप पेटतो. डिझेल मिळतंय तोवर ते इंजिन चालणार, बॅटरी काढून बाजूला ठेवलीत तरी चालणार. जुन्या रोटरी पंपावर डिझेल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असतो. त्याला बारा व्होल्ट मिळाले की वाट उघडी, तोडले की बंद. इथे एक गंमत वारंवार दिसते. या सोलेनॉइडची वायर किल्लीच्या अशा टोकावरून घेतलेली असते, जिथला करंट सेल्फ मारताना तुटतो. मग सेल्फ फिरतो, इंजिन फिरतं, पण किल्ली सोडेपर्यंत डिझेलच येत नाही. मिस्त्री पंप खोलतो, नोझल खोलतो, हवा काढत बसतो. वायर इग्निशन आणि स्टार्ट या दोन्ही ठिकाणी जिवंत राहील अशी घ्या, अर्धा दिवस वाचेल.

याहून गंभीर म्हणजे इंजिन पळणं. टर्बोचं सील गेलं, किंवा ऑइल चेंबरमध्ये गरजेपेक्षा जास्त तेल भरलं आणि ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये गेलं, तर इंजिन स्वतःच्याच तेलावर चालायला लागतं. किल्ली, सोलेनॉइड, पंप, कशाचाच तिथे उपयोग होत नाही. हवा तोडणं हाच उपाय. भंगारातून आणलेलं, इतिहास माहीत नसलेलं टर्बो इंजिन पहिल्यांदा सुरू करताना इनटेकच्या तोंडाशी एक जाड सपाट फळी हाताशी ठेवा. हात लावायला जाऊ नका, ती ओढ हाताला झेपणारी नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पहिल्या स्टार्टच्या वेळी फळी सापडत नाही.

आता टाकी. हे काम सगळ्यांनाच कंटाळवाणं वाटतं, त्यामुळे ते शेवटच्या संध्याकाळी होतं. पेट्रोलच्या टाकीत बहुधा विजेचा पंप बुडवलेला असतो. तो तीन-चार बारचा दाब देतो, जुन्या डिझेल पंपाला एवढा दाब नको असतो, त्याला हलकी ओढ किंवा अगदी कमी दाबाचा पुरवठा पुरतो. तो पंप बंद करून तसाच आत ठेवला तर डिझेलला त्याच्यातून वाट काढावी लागते आणि इंजिन वेगात गेलं की उपाशी राहतं. पंप काढून साधी नळी सोडा. परतीची नळी विसरू नका, डिझेलचा पंप आणि नोझल बरंच इंधन टाकीकडे परत पाठवतात आणि ती वाट अरुंद चालत नाही. टाकीत पेट्रोल उरू देऊ नका. डिझेल पंपाचे आतले भाग डिझेलनेच वंगण घेतात, पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच. जस्ताचा मुलामा असलेले पाइप किंवा तांब्याच्या नळ्या वापरू नका, जस्त आणि तांबं दोन्ही डिझेल लवकर खराब करतात.

आणि भरायचं तोंड. शिसेविरहित पेट्रोलच्या गाड्यांना तोंडाशी मुद्दाम बारीक गळा ठेवलेला असतो, जाड नळी आत जाऊ नये म्हणून. डिझेलची नळी जाड असते. म्हणजे गाडी तयार झाल्यावर मालक पंपावर जातो आणि डिझेल आत जातच नाही. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची नळी मात्र आरामात जाते. गाडी दिसायला पेट्रोलची, मागे मॉडेलचं नावही पेट्रोलचं, पंपावरचा पोऱ्या पेट्रोलच भरणार. गळा काढा आणि झाकणावर, झाकणाच्या आत, दारावर, तीन ठिकाणी ठसठशीत "फक्त डिझेल" लिहा.

गिअरबॉक्सकडे वळतो, कारण खरा खर्च इथे लपलेला असतो. डिझेलचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, खालच्या फेऱ्यांत येतो आणि त्याचे झटके जड असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांतले असतील तर मध्ये अडॅप्टर प्लेट येते. ती लेथवर बनवून घेणं अवघड नाही. अवघड आहे ते क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणणं. बेल हाउसिंगचं (गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घंटेसारख्या कव्हरचं) भोक क्रँकच्या मध्यापासून किती सरकलंय, ते डायल गेज (बारीक अंतर काट्यावर दाखवणारं माप) लावून पाहिलं तर काटा एका पूर्ण फेऱ्यात ०.१३ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. नजरेला हे दिसत नाही, बोल्ट तर बिनबोभाट बसतात. मग काही महिन्यांनी पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, क्लच नीट सुटत नाही, गिअर उडतो, आणि दोष "जुन्या गिअरबॉक्स"वर जातो. डायल गेज नसेल तर अडॅप्टरचं काम घेऊच नका. हे मी सौम्य शब्दांत सांगतोय.

एकाच घराण्यातली इंजिनं असतील तर मात्र हा ताप बराच वाचतो. फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फमध्ये दीड लिटरचं, पन्नास अश्वशक्तीचं डिझेल इंजिन दिलं ते त्यांच्याच पेट्रोल इंजिनाच्या घराण्यातून घडवलेलं होतं. त्यामुळे त्या घराण्यातली पेट्रोल आणि डिझेल इंजिनं एकमेकांच्या गिअरबॉक्सवर बसतात, आणि पुढे १.९ लिटर टीडीआय (टर्बो असलेलं डिझेल) आल्यावरही ही सोय बरीचशी टिकली. जगभर या इंजिनांवर एवढे प्रयोग झाले त्याचं मोठं कारण ताकद नव्हे, ही बोल्टांची भोकं आहेत. जुन्या पेट्रोल लँड रोव्हरमध्ये अडीच लिटरचं २००टीडीआय बसवण्याची रीतही अशीच पडली. ते जवळजवळ थेट बसतं. तरी त्यात एक मेख आहे. लँड रोव्हरच्याच डिस्कव्हरी गाडीतल्या या इंजिनाचा टर्बो खाली असतो आणि चासीला आडवा येतो, डिफेंडर गाडीतल्याचा वर असतो. इंजिनाचं नाव एकच, पण एक आणलंत तर काम सरळ होतं आणि दुसरं आणलंत तर कापाकापी सुरू होते. म्हणून मी म्हणतो, नुसत्या इंजिनाच्या नावावर भाव ठरवू नका, ते कुठल्या गाडीतून उतरलंय ते विचारा.

बसल्यावर राहतो फेऱ्यांचा प्रश्न. पेट्रोल इंजिन साडेसहा हजारांपर्यंत जातं, डिझेल साडेचार हजारांवर दमतं, आणि ट्रकसारख्या कामाची इंजिनं अडीच हजारांवर गव्हर्नरच (फेरे रोखणारी यंत्रणा) थांबवतो. गाडीची डिफरन्शियलची पटी, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरांचं प्रमाण, मात्र पेट्रोलसाठी ठरवलेली. समजा चाकाचा घेर १.९ मीटर आहे. ताशी शंभरला चाक मिनिटाला सुमारे ८७७ फेरे घेतं. टॉप गिअर ०.८ आणि डिफरन्शियल ४.१ असेल तर इंजिन २,८७७ वर जातं. डिफरन्शियल ३.४ केलं तर २,३८६ वर येतं. पाचशे फेऱ्यांचा हा फरक कानाला आणि इंधनाला दोन्हीकडे लागतो. लँड रोव्हरवाले ४.७ चं डिफरन्शियल काढून ३.५४ चं घालतात ते याचसाठी, फेरे पाऊणपटीवर येतात. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. तो न करता दिलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये झाड उपटते आणि हमरस्त्यावर किंचाळते, आणि मालक सांगत फिरतो की डिझेल इंजिनं आवाजच फार करतात.

वजनाबद्दल थोडक्यात. कमिन्सचं चार सिलिंडरचं ३.९ लिटर इंजिन, ज्याला सगळे फोर-बीटी म्हणून ओळखतात, साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं. सहा सिलिंडरचं ५.९ लिटर तर जवळजवळ पाचशे. छोट्या जीपच्या नाकावर असं ओझं आलं की स्प्रिंगा दबतात, स्टिअरिंग जड होतं, हेडलाइटचा झोत खाली येतो आणि पुढचे ब्रेक आता मूळ मापापेक्षा जास्त वजन थांबवत असतात. स्प्रिंगा बदलल्या म्हणजे वजन कमी झालं असं होत नाही, गाडी फक्त सरळ उभी राहते. चार सिलिंडरचं मोठं डिझेल रिकामं फिरताना असं हलतं की कडक रबराची फाउंडेशनं लावलीत तर आरशात मागचं काही दिसणार नाही. मऊ लावलीत तर सायलेन्सरचा पाइप तुटेल, म्हणून पाइपमध्ये लवचिक तुकडा घाला.

वायरिंगपाशी निम्मी कामं अडतात. सेल्फ दुप्पट ताकदीचा, थंड इंजिन सुरू करताना तापणारे चार हीटर प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर खातात, आणि जुनी बॅटरी, जुनी केबल तशीच. बॅटरी मोठी घालाल हो, पण इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची जाड पट्टी? ती जुन्या इंजिनाबरोबर जाते आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. मग सेल्फचे शेकडो अँपिअर परत यायला जी वाट सापडेल ती धरतात, क्लचची किंवा रेसची केबल. केबल गरम होते, आतून वितळते, आणि मालक सांगतो, "रेस अडकते." रेसची केबल बदलून तो दोष जात नाही.

आरपीएमच्या काट्याला पेट्रोलमध्ये इग्निशन कॉइलकडून ठोके मिळायचे. आता कॉइल नाही. डिझेलच्या बऱ्याच डायनॅमोंवर डब्ल्यू नावाचं टोक असतं, तिथून फेऱ्यांच्या प्रमाणात ठोके मिळतात, फक्त मीटर त्याप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो. पाण्याच्या तापमानाचा आणि तेलाच्या दाबाचा काटा तर जास्त फसवा. तो हलतो, म्हणून बरोबर आहे असं वाटतं. सेन्सर इंजिनाचा आणि मीटर गाडीचा, दोघांचे ओहम (विजेचा रोध) वेगळे, मग उकळतं इंजिन काट्यावर निवांत दिसतं. मीटर ज्या गाडीचा, सेन्सरही तिचाच घ्या, चुडी जुळत नसेल तर अडॅप्टर करा. खात्री करायची तर उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून काटा कुठे जातो ते पाहा.

हे झालं जुन्या, तारांशिवाय चालणाऱ्या इंजिनांचं. कॉमन रेल, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या नोझलना दाबाचं डिझेल देणारं, इंजिन घ्यायचं असेल तर खेळच बदलतो. तिथे सोळाशे बार किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि सगळं ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हातात असतं. ईसीयूला किल्लीतली चिप हवी, मीटरचा बोर्ड हवा, त्याच्याच जातीचं रेसचं पेडल हवं, कधी एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या) युनिटचा निरोपही हवा. यांतलं एक नसलं तर इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन अडीच हजारांवर अडकतं. अशा वेळी एकटं इंजिन विकत घेणं म्हणजे बिऱ्हाडातला एक माणूस उचलून आणून त्याने संसार मांडावा अशी अपेक्षा करणं. अख्खी गाडी घ्या, अपघातात ठोकलेली चालेल, पण सुरू होणारी घ्या. ती उभी असताना वायरिंगचा एकेक फाटा सोडवत, चिठ्ठ्या लावत काढा. वायर कापू नका. व्हॅक्यूम पंप, इंटरकूलर, रबरी होज, कंस, सायलेन्सरचा सगळा संच, पेडल, किल्ली, हे सगळं तिच्यातून मिळतं. गिऱ्हाइकाला आधी महाग वाटेल. शेवटच्या बिलाला ते स्वस्त पडलेलं असेल.

काही गिऱ्हाइकं विचारतात, आहे तेच पेट्रोल इंजिन डिझेलवर चालवता येणार नाही का? नोझल लावा, पंप लावा, झालं. त्यांना जनरल मोटर्सच्या ओल्डस्मोबिल गाड्यांची गोष्ट सांगा. जनरल मोटर्सने १९७८ च्या मॉडेलपासून ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल विकलं. ते त्यांच्या पेट्रोल इंजिनाच्या आराखड्यावर बेतलेलं होतं. ब्लॉक जाड केला होता, तो पुढे इतका दणकट ठरला की शर्यतवाले तो पेट्रोलसाठी वापरायला लागले. पण हेडचे बोल्ट पेट्रोलच्याच मांडणीत राहिले आणि दाबाचं प्रमाण २२.५ होतं. बोल्ट ताणले, हेड गॅस्केट गेली, पाणी वेगळं करणारा फिल्टर दिला नव्हता म्हणून पंप गंजले. १९८५ नंतर ते इंजिन बंद झालं, आणि त्या गाड्यांच्या कित्येक मालकांनी डिझेल काढून त्यात पेट्रोल इंजिन बसवून घेतलं. एवढी मोठी कंपनी, एवढे अभियंते, आणि अडलं ते बोल्ट आणि फिल्टरपाशी.

ॲव्हरेजच्या नावाने तुम्ही जे विकता त्याबद्दलही बोलायला हवं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, डिझेलमध्ये ३६. म्हणजे डिझेलचा लिटरच आठवा हिस्सा जास्त भरलेला असतो. समजा पेट्रोलवर १२ चा ॲव्हरेज होता आणि डिझेलवर १६ आला. गिऱ्हाइकाला तेहतीस टक्के फायदा दिसतो. पण पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि डिझेलच्या लिटरमागे २.६५. किलोमीटरमागे १९२ ग्रॅमवरून १६६ ग्रॅम, बचत चौदा टक्क्यांच्या आत. फायदा आहे, पण बोर्डावर लिहिता तेवढा नाही. त्यातून इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्प्रिंगा आणि तुमची मजुरी वजा करा. वर्षाला थोडं फिरणाऱ्या माणसाला ही रक्कम गाडीच्या आयुष्यात परत मिळत नाही. ज्याला ओढायला, चढायला, लांब जायला गाडी हवी, त्याला या कामाचा खरा उपयोग. पैसे वाचवायला आलेल्याला परत पाठवा. धंदा जातो, मान्य आहे. वर्षभराने भांडायला येणारं गिऱ्हाईकही जातं.

धुराचा विषय तुम्हाला आवडत नाही, तरी मांडतो. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केलं. युरोपात युरो-५ या धुराच्या नियमांच्या वेळी डिझेल गाडीला किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, पेट्रोलला ६०. युरो-६ ने डिझेलची ८० वर आणली, आणि असल्या मर्यादा पाळण्यातल्या लबाडीचा गवगवा २०१५ साली फोक्सवॅगनच्या निमित्ताने सगळ्या जगाने पाहिला. पेट्रोल गाडीचं मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून "प्रदूषणाचं आहे की" म्हणण्यात अर्थ नाही. ते तिहेरी कन्व्हर्टर हवा आणि इंधन अचूक प्रमाणात असतानाच नायट्रोजन ऑक्साइड मोडतं. डिझेलच्या धुरात प्राणवायू कायम शिल्लक असतो, म्हणून तिथे ते काम होत नाही. नवं इंजिन घेतलंत तर त्याचा काजळीचा फिल्टर, त्याचं कन्व्हर्टर, सगळे सेन्सर सोबत बसवा. फिल्टरमधली काजळी जळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात, तेव्हा तो टर्बोपासून लांब, मागे कुठेतरी टांगू नका. आणि फिल्टर पोकळ करून देण्याची जाहिरात करणाऱ्यांना माझ्याकडून नमस्कारही नको. वीस-तीस वर्षांचं जुनं डिझेल रोज गर्दीत, शाळांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन कितीही नामांकित असलं तरी.

कागदपत्रांचं काम गिऱ्हाइकावर ढकलू नका. नोंदणीत इंधन बदलतं, इंजिनाचा क्रमांक बदलतो, बहुतेक ठिकाणी धुराचा नियमही बदलतो, आणि कित्येक ठिकाणी मूळपेक्षा जास्त धूर सोडणारं किंवा गाडीच्या मॉडेलपेक्षा जुनं इंजिन चालतच नाही. हे नोंदणी कार्यालयात विचारायचं ते पेट्रोल इंजिन गाडीत असताना. बाहेर काढल्यावर विचारलं आणि नकार आला, तर गिऱ्हाइकाकडे एक सांगाडा आणि तुमच्याकडे अडकलेली जागा उरते. विम्याला बदल कळवला नसेल तर दावा नाकारायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं.

शेवटची मागणी, आणि ही मला स्वतःसाठी हवी आहे. अशी गाडी पाच वर्षांनी माझ्याकडे येते तेव्हा तिचं कुठलंच पुस्तक तिला लागू नसतं. मालक दुसरा, तुम्ही कुठे ते ठाऊक नाही, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते इंजिनालाच माहीत. गाडी देताना एक कागद तयार करा आणि बोनेटखाली प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवा. इंजिन कुठल्या गाडीचं, कुठल्या सालचं, क्रमांक काय. क्लच प्लेट कोणाची, प्रेशर प्लेट कोणाची, फ्लायव्हील तासलं असेल तर किती. डिझेलचा फिल्टर, तेलाचा फिल्टर, पट्टे, वरचा आणि खालचा रेडिएटर होज कुठल्या मॉडेलचे. डिफरन्शियलची पटी. सोलेनॉइडची आणि हीटर प्लगची वायर कुठल्या रंगाची, फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा. टायमिंग बेल्ट किती किलोमीटरवर बसवला. हाताने लिहिलं तरी चालेल, फक्त पेन्सिलने लिहा. शाईचं अक्षर इंजिनाच्या उबेने आणि तेलाच्या वाफेने महिन्यात पुसतं.

कळावे,
आपला एक व्यवसायबंधू